रेंजरची परवानगी

मोहर्लीतल्या पंक्चरवाल्या चाचांकडे जाड टायरची, फार जुनी सायकल होती. तसल्या सगळ्या सायकलींना आमच्याकडे रेंजरच म्हणत. तिला गिअर अठरा, त्यातला चालायचा एक. ब्रेक नव्हतेच. थांबायचं झालं की चाचा उजवी चप्पल पुढच्या चाकावर दाबत. त्यामुळे दुकानात खिळ्यावर डाव्या पायाच्या चांगल्या चपलांची माळच लटकत असे.

पुढे वनखात्याने तलावाकाठी पर्यटकांसाठी सायकलची खास वाट बांधली. उंचवटे, वळणं, लाकडी पूल. फाटकावर पाटी लागली: ‘रेंजरच्या परवानगीशिवाय सायकल आत नेऊ नये.’ हा रेंजर म्हणजे खात्याचा साहेब.

मी नवीकोरी सायकल आणि परवानगीचा अर्ज घेऊन साहेबांची वाट पाहत उभा होतो. तेवढ्यात चाचा आले.

चौकीदार म्हणाला, “चाचा, पाटी वाचा. रेंजरची परवानगी हाये का?”

चाचांनी पाटी सावकाश वाचली. मग सायकलच्या सीटवर थाप मारली. “बोल बे रेंजर, जाऊ का आत?” आणि स्वतःच घंटी वाजवली. “हो म्हणून राह्यला.”

चौकीदाराला हसू आवरेना. त्याने फाटक उघडलं आणि चाचा पहिल्याच उंचवट्यावरून लुंगी सावरत उडाले.

साहेब काही आले नाहीत. चाचा तीन फेऱ्या मारून, धुळीने माखून, उजवी चप्पल घाशीत बाहेर आले. माझ्या हातातल्या अर्जाकडे बघून त्यांनी काळजीने विचारलं, “काऊन मास्तर, तुमचा रेंजर अजून बोलला नाई?”