लाल दोऱ्याचा कोंबडा

कॉलेजात असताना वर्गातली एक मुलगी मला म्हणाली होती, "तुझ्या कपड्यांना कसला गं वास येतो?" मी म्हटलं, "कोंबड्यांचा." ती ओशाळली, मी नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि माझी फी त्या वासातूनच निघत होती. त्यात लपवायचं काय?

काळाचौकीला आमची बैठी चाळ. शेवटची खोली आमची. तिच्या मागे गोदामाच्या भिंतीपर्यंत एक खाट मावेल एवढी मोकळी जागा होती, तिला आम्ही परडं म्हणायचो. कोकणातली माणसं, हातभर माती दिसली तरी तिला परडं म्हणणारच. तिथे आईच्या कोंबड्या असायच्या. बाबांनी चहाच्या खोक्यांना जाळी ठोकून खुराडं केलं होतं आणि दाराला जाड तारेची कडी वळून बसवली होती. ती कडी इतकी घट्ट बसायची की उघडताना बोटं सोलवटायची. पण घुशी आणि मांजरं यांच्यापुढे तसलीच कडी लागते.

अंडी काढायचं काम माझं. खुराड्यात खांद्यापर्यंत हात घालायचा. आत ओला उबट वास, विष्ठा, आणि बाहेर येईपर्यंत हातावर चढलेल्या बारीक उवा. सगळी अंडी काढायची नाहीत, एक आत ठेवायचं. नाहीतर कोंबडी जागा बदलते, शेजाऱ्यांच्या सरपणात जाऊन बसते, आणि अंड्याबरोबर भांडणही आपल्या पदरात पडतं. खायला तांदळाची कणी आणि आईने वरळी कोळीवाड्यातून आणलेला सुकटीचा चुरा. त्यामुळे आमच्या अंड्यांना सुकटीचा वास यायचा. गिऱ्हाइकं कुरकुरत, आणि तरी घेऊन जात.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली त्या हिवाळ्यात मी शाळेत होते. दादा नुकताच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. एके दिवशी तो मोर्चाला म्हणून गेला आणि दुपारी गोळीबाराची बातमी आली. मग कर्फ्यू. आमच्या नाक्यावर अश्रुधुराची नळकांडी फुटली, धूर चाळीत शिरला. आम्ही तोंडाला ओली फडकी लावून बसलो. परड्यात कोंबड्या शिंकत होत्या. कोंबडी शिंकते हे मला तेव्हा कळलं.

दिवेलागण झाली तरी दादाचा पत्ता नव्हता. आई दाराच्या चौकटीला धरून उभी. बाबा बाहेर जायला निघाले की शेजारी त्यांना आत ओढत. माझी आत्या, बाबांची थोरली विधवा बहीण, आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायची. ती भिंतीला लागून सरकत सरकत आली आणि आत येताच पदर पसरून गावाकडे तोंड करून उभी राहिली.

"मरीआय, माज्या भावाचा वंश घरला येऊं दे. तुला कोंबडा देईन. तुज्या नावानं अंडी बशवीन, त्यातला पैला नर तुजा."

आईने हात जोडले. मी पाहिले.

सकाळी दादा आला. वडाळ्याकडच्या यार्डातून, रूळ धरून. कोपर लाठीने भोपळ्यासारखं सुजलेलं, बाकी धड. आईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग रडली. आत्या मात्र सरळ परड्यात गेली. भेदरलेल्या कोंबड्या पुढे बरेच दिवस कवचाविना मऊ, कातडी अंडी घालत होत्या, पण आधीची चांगली अंडी कोठीत होती. आत्याने ती एकेक करून मुठीत धरली, दारातल्या उन्हासमोर नेली, एक डोळा मिटून पाहिली आणि पिल्लू धरतील ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. ठेवताना दर अंड्याला देवीचं नाव घेतलं.

पिल्लं निघाली. ज्याचा तुरा आधी वर आला त्याच्या पायाला आत्याने लाल दोरा बांधला. त्या दिवसापासून तो आमचा राहिला नाही. त्याला कुणी हाडतुड करायचं नाही, कणी आधी त्याला टाकायची. जनावराला हे लगेच कळतं. तो चुलीपर्यंत यायचा आणि बाबांच्या थाळीत चोच घालायचा. बाबा म्हणायचे, "जेवा सायब, जेवा. आमी हाव उष्टं खायला."

शिमग्याला त्याला गावी न्यायचं ठरलं होतं. त्याआधी वर्ष संपताना आम्ही धर्म बदलला.

पांढरे कपडे घालून, बाबा, आई, दादा, मी आणि आत्यासुद्धा. त्या गर्दीत मी आईचा चेहरा पाहत होते. एवढी ताठ मान मी तिची कधी पाहिली नव्हती. घरी आल्यावर बाबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि आईबरोबर शिवडीच्या खाडीत सोडून आले. भिंतीवर देवांची जागा काळी उरली होती, तीही आईने चुन्याने पुसली. हे सगळं एका दिवसात झालं. उरला तो कोंबडा.

"त्येचं काय?" आत्याने विचारलं.

"त्याचं काय म्हंजे? त्येलापन दीक्षा दिवंया," बाबा म्हणाले.

"मस्करी नुको. बोललेलं देनं हाय."

"आक्का, आता देवी नाय, देनं कुनाला? आनि आपन शपथ घेतली, जीव मारायचा नाय."

"मग बोंबील काय आपसूक मरून येतात रे तुज्या ताटात?"

बाबा मोठ्याने हसले, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो लवकर थांबला नाही. आम्हीही तेव्हा हसत होतो.

कोंबडा राहिला. द्यायचा नाही, कारण देवी मानायची नाही. विकायचा नाही, कारण आत्या म्हणायची, "दुसऱ्याची वस्तू इकतंस?" सोडून द्यावा, तर कुणीतरी कापून खाणार. तो दोरा पायात रुतू लागला, तेव्हा आईने सैल करून पुन्हा बांधला. काढला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वन्संना वाईट वाटतं."

बाबा कापूस पिंजायच्या खात्यात होते. आमच्या माणसांना साच्यावर, म्हणजे मागावर, घेत नसत, तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून. आम्ही तोंड लावलेला धागा चालायचा नाही, पण कापसाची धूळ आमच्या छातीत गेली तर चालायची. पुढच्या पावसात त्यांच्या खोकल्यातून रक्त आलं. काही महिने इस्पितळात राहून ते घरी आले. हाडांवर शर्ट अडकवल्यासारखे दिसत. डॉक्टरांनी औषधं दिली, सुया दिल्या आणि सांगितलं, अंगात ताकद आली पाहिजे. दूध द्या, अंडी द्या.

त्या दिवसापासून आमची अंडी विकणं थांबलं. घरात अंडं म्हणजे बाबांचं औषध. सकाळी मी ते काढून आणायची, गरमच असायचं. आई ते कच्चंच दुधात फेटायची. बाबा नाक दाबून प्यायचे. "सुकटीचं दूध हाय हे," म्हणायचे, "गवळ्याला सांगा, म्हशीला मासळी घालू नको." आई त्यांच्या समोर उभी राहून पेला रिकामा झालेला पाहायची आणि मगच हलायची. कामगार काय म्हणतात, मुंबई कुणाला मिळते, तिला कशाचं काही नव्हतं. बाबांनी जगावं, एवढंच. आणि ते अंड्याने, औषधाने, माणसांच्या हाताने जगावेत, देवीच्या हाताने नाही, असाही तिचा हट्ट होता. तो ती बोलून दाखवायची नाही.

मग उन्हाळ्यात मानमोडी आली.

सकाळी एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. दुपारपर्यंत ती आडवी झाली. मग दुसरी. हिरवी पातळ हगवण, चोचीतून लाळ, मान पाठीवर उलटी वळलेली. आईने लसूण दिली, हळद दिली, शेजारणींनी सांगितलं ते ते दिलं. एकही वाचली नाही. आई त्यांना राखेत गुंडाळून कचऱ्याच्या पेटीत टाकून यायची. शेवटच्या दिवशी मी खुराड्यात हात घातला तर तळाशी ते एक ठेवायचं अंडं तेवढं होतं, थंड. फोडलं तर नासलेलं निघालं.

कोंबडा जिवंत होता. सगळ्यांच्या मधे राहून त्याला शिंकसुद्धा आली नाही. रिकाम्या खुराड्यावर चढून तो आरवायचा. चाळीतल्या बाया त्याला बघायला आल्या. ज्यांनी आमच्याबरोबर दीक्षा घेतली होती त्याही दूरच उभ्या राहिल्या.

"बगा," आत्या आईला म्हणाली, "आपलं तेवडं राखलान मरीआयनं. अजून बी वेळ हाय. मी एकली घेऊन जाते गावाला. तू येऊं नुको, शपथ मोडूं नुको. माजी मी मोडते. माजा भाव हाय तो."

मी आईकडे पाहत होते. ती हो म्हणेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, म्हणावं असंही वाटलं.

बाबा खाटेवरून बोलले. "आक्का, डॉक्टर काय म्हनला ठाऊक हाय? अंडी नसली तर रस्सा द्या. कोंबडीचा."

"मंग बाजारातनं आनूया."

"घरात असताना? ह्येलाच कापा."

"येड लागलं काय तुला? तिला न दाखवता? तिचं तू खानार?"

"तिचं न्हवं. दोन वरसं माज्या ताटात जेवला, माजा हाय," बाबा म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी दादाला आणि मला जवळ बोलावलं. "मी भ्यालो तर ही पोरं जल्मभर भितील. समजलं? भूक लागली म्हनून कापायचा. दुसरं काय नाय."

कापायचं कुणी? दादाने पाहून न पाहिल्यासारखं केलं. आईच उठली. जीव न मारण्याची शपथ आमच्यात सगळ्यात मनापासून तिनेच घेतली होती. तिने आधी पायाचा लाल दोरा विळीवर कापला आणि चुलीवरच्या फळीवर ठेवला. मग कोंबडा पायाखाली धरला. आत्या उंबऱ्याबाहेर उभी होती. रक्त वाहिलं तेव्हा ती मागे सरली, जणू तिच्या पायावर येणार होतं, आणि निघून गेली.

बाबांनी आम्हा सगळ्यांना बसवून खायला लावलं. मांस चिवट होतं. "देवीचा असता तर मऊ निघाला असता," ते म्हणाले. दादा हसला, मीही हसले. आई हसली नाही, पण तिने आपल्या वाटणीचा तुकडा पूर्ण चावून गिळला.

नंतर थोडे दिवस बाबांना बरं वाटलं. ते परड्यापर्यंत चालत जायचे. आई नळावर पाणी भरताना बायांना मुद्दाम सांगायची, "रश्शाने अंग धरलं बरं का." तिचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग रक्त पुन्हा आलं. सुया चालू होत्या, दूध चालू होतं. काही उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आधी बाबा गेले.

मयताला आत्या आली. भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि आईकडे वळली.

"खाल्लास ना? पोट भरलं?"

खोलीत माणसं होती. आई म्हणाली, "वन्सं, ते क्षयानं गेले. गिरणीच्या धुळीनं गेले."

"धूळ काय त्या एकट्याच्याच छातीत गेली?"

याचं उत्तर मी आज देऊ शकेन. मी शिकले आहे, धुळीने कुणाचं काय होतं आणि कुणाचं का होत नाही ते समजावून सांगू शकेन. पण विचारणारी राहिली नाही. आत्या त्याच महिन्यात गावी गेली आणि तिथेच वारली. आईशी पुन्हा बोलली नाही.

आईने पुढच्या वर्षी पुन्हा तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या. करणार काय, माझी शाळा होती. अंडी पुन्हा विकायला जाऊ लागली. एक कोंबडी खुडूक झाली, पिल्लं निघाली, त्यात एक नर मोठा झाला.

मी मॅट्रिकला होते तेव्हा दादा पुन्हा मोर्चाला गेला आणि परतला नाही. गोळीबार झाला म्हणून कुणी सांगे, नुसती धरपकड झाली म्हणून कुणी. अंधारायला लागलं होतं. मी आईला शोधत परड्यात गेले.

ती खुराड्यापुढे उकिडवी बसली होती. कोंबडा तिच्या गुडघ्याखाली दाबलेला, त्याचा एक पाय तिच्या हातात. दुसऱ्या हातात तो लाल दोरा होता, चुलीवरच्या फळीवरचा, धुराने काळपटलेला. तो तिने इतके दिवस ठेवला होता हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिने कोंबडा सोडला. तो पिसं झाडत गेला. मग तिने तो दोरा खुराड्याच्या दाराला गुंडाळला, गाठ मारली, वर आणखी एक मारली.

"दार ढिलं झालंय," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला की दादा तुरुंगात आहे, जिवंत आहे. आईने निरोप्याला चहा दिला. तो गेल्यावर अंडी काढायला मी खुराड्याशी गेले, तेव्हा आधी तारेची कडी उघडली. ती पूर्वीसारखीच घट्ट होती, बोटं सोलवटली. मग दोऱ्याच्या गाठी सोडवल्या, अंडी काढली, एक आत ठेवलं, आणि दोरा होता तसा पुन्हा बांधला.