चुलीचा धूर

लातूरला आमच्या गल्लीत एक बाई डोक्यावर पाटी घेऊन गोवऱ्या विकायला यायची. सगळे तिला मावशी म्हणत. नाव कुणीच विचारलं नाही. दारात पाटी उतरवली की एक गोवरी बोटाने वाजवून म्हणायची, "बघा, कशी खडखडीत वाळलीय."

निजामी राजवटीच्या अखेरीस रझाकारांच्या धास्तीने सारी गल्ली रिकामी झाली. आम्हीही हद्दीपलीकडे बार्शीला निघालो. वर्षाचं धान्य मागेच राहणार म्हणून आई रडत होती. शेजारणींसारखीच तिनेही परसदाराची किल्ली मावशीच्या हातात दिली.

परत आलो तेव्हा आजूबाजूची कितीतरी घरं फुटली होती. आमची गल्ली मात्र शाबूत होती. आम्ही नसताना मावशी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरात जाऊन चुलीत गोवऱ्या पेटवायची. धूर दिसला की लुटायला येणाऱ्यांना वाटायचं, घरात माणसं आहेत. ते धान्य वाचलं म्हणून माझी शाळा सुटली नाही. पुढे घरातला पहिला पदवीधर झालो, तो त्या धुरामुळेच असं मी मानतो.

परत आलो त्या दिवशी आईने मावशीचे हात धरले, तर ती म्हणाली, "तुमची चूल लई नखऱ्याची हाय, बाई. फुकून फुकून डोळे गेले माझे."

"आणि तुझ्या घरी गं, मावशी? तिथं केलास का धूर?"

मावशी तोंडाला पदर लावून हसली. "तिथं कुणाला फसवू? माझ्या घरात काय न्हाई, ते समद्यांना ठाऊक हाय."