मनीषनगरातलं रुंद दार

बडोद्याची गाडी सुटायला आली तेव्हा आई फलाटावर माझ्याशी बोलतच नव्हती. ती वसंताला सांगत होती, "याले एकट्याले टाकून कुठी जाऊ नको गा." आम्ही दोघं नुकतेच इंजिनिअर झालो होतो आणि एकाच कारखान्यात रुजू व्हायला निघालो होतो. वसंता मान डोलवत राहिला. आईचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा होता, आणि माझाही.

नागपूरला सक्करदऱ्यात आमची घरं शेजारी, मधे भिंत नाही. शाळेत असताना आम्ही तेलाचं पिंप कापून, भंगारातला पंखा बसवून कूलर केला. वाळ्याच्या ताट्या त्याच्या बाबांनी आणून दिल्या. उन्हाळाभर दोन्ही घरच्या बाजा अंगणात त्या कूलरसमोर पडायच्या. पुढे मी जन्मभर मोठमोठ्या कारखान्यांचे कूलिंग टॉवर उभारले, आधी बडोद्यात, मग मस्कतला. पण माझं पहिलं काम विचाराल तर ते पिंप.

मी मस्कतला गेलो, वसंता बडोद्यातच राहिला. एका सुट्टीत दोघांनी नागपूरला मनीषनगरात लागून लागून प्लॉट घेतले. तेव्हा तिथे नुसती शेतं होती. रिटायर झालो की शेजारी घरं बांधायची, समोरासमोर दारं ठेवायची, असं ठरलं. "आपल्या दोघायच्या घरात भिंत पाह्यजे काहून?" असं तोच म्हणाला होता. तुमच्यातले जे परदेशी गेले त्यांना कळेल, तिकडच्या एसीच्या खोलीत असल्या एका वाक्यावर माणूस किती वर्षं काढतो ते.

मस्कतहून मी आधी परतलो आणि घर बांधायला काढलं. नकाशा वसंताला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचा फोन आला, "बाजूचं दार रुंद ठेव गा. बाज निघाली पाह्यजे." मी मिस्त्रीला सांगून चौकट मोठी करून घेतली. बायको, शैला, म्हणाली की बाजूला एवढं दार कशाला, लोक हसतील. मी तिचं ऐकलं नाही. वास्तूला वसंता आला नाही, गुडघे दुखतात म्हणाला.

मग एका सकाळी त्याच्या प्लॉटवर माणसं पायाच्या आखणीसाठी चुन्याची फक्की टाकताना दिसली. मी चहाचा कप हातात घेऊनच गेलो. मुकादम म्हणाला, साहेब, हा प्लॉट तर मागच्याच वर्षी बिल्डरला विकला. म्हणजे दार रुंद ठेव म्हणाला, त्याच्याही आधी. तो आला नाही याचा मला राग नाही. त्याचा मुलगा पुण्याला, नातवंडं तिकडे, माणूस तिकडेच जाणार. पण विकून मोकळा झाल्यावरही तो माझ्या दाराचं माप सांगत होता, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. त्याला जाब विचारायला मी फोनसुद्धा केला नाही.

रिकामा बसलेलो नाही. होळी झाली की कॉलनीतले कूलर माझ्याकडे येतात. पंप पाणी फेकत नाही, पंखा आवाज करतो, काका जरा बघा ना. मी पाने-पक्कड घेऊन निघतो, कोणी तर्री-पोहे पुढे करतं. सगळे म्हणतात, बरं झालं, गावी परत आलात.

यंदाच्या उन्हाळ्यात वसंता एका लग्नाला आला आणि न कळवता घरी टपकला. पाणी प्यायला, कूलरसमोर बसला, मग उठून त्याने ते दार उघडलं. हातभर अंतरावर बिल्डिंगची भिंत. त्याने हात लांब करून तिला टेकवला.

"सांगितलं असतं तर तू घर बांधलंच नसतं," तो म्हणाला.

खरं होतं. मी नागपूरला राहिलोच नसतो. नागपूरला परत आलो असं मी सगळ्यांना सांगत फिरतो, पण मी वसंताच्या शेजारी राहायला आलो होतो. घर म्हणजे माझ्यासाठी तेवढंच होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

शैलाने थांबवलं तरी तो जेवायला थांबला नाही. मी त्याला ऑटोपर्यंत सोडायला गेलो. बसताना तो म्हणाला, "येतो गा."

मी 'ये' म्हटलं नाही.