घुमतंय का, वहिनी?

एकवीस ऑक्टोबर छप्पन, रविवार. दिवाळीआधी रजयांचा कापूस पिंजून घ्यायचं काम काढलं होतं. पिंजाऱ्यानं पहिलीच रजई उसवली आणि म्हणाला, "अम्मा, इसमें तो आधी रुईच है! बाकी कां गई?" कुठे गेली ते मला विचारायची गरज नव्हती. जगातली प्रत्येक वस्तू आवाजासाठीच जन्माला आली आहे आणि चुकून इतर कामाला लागली आहे, असं मानणारा माझ्या धाकट्या दिरांसारखा दुसरा माणूस साऱ्या हैदराबादेत नसेल.

त्यांना घरी उत्तम गाणं ऐकायचं होतं आणि ते महसूल खात्यातल्या कारकुनाच्या पगारात बसवायचं होतं. दुकानातला रेडिओग्राम घेणं त्यांना पैशांवाचून शक्य नव्हतं आणि पैसे असते तरी त्यांनी तो घेतला नसता. "दुकानातल्या पेटीत आवाज कमी आणि पॉलिश जास्त," असं त्यांचं मत. म्हणून दर गुरुवारी कचेरी सुटली की ते जुमेरात बाजारात जात आणि मोडका ट्रान्स्फॉर्मर, लष्करी भंगारातले वॉल्व्ह, बंद पडलेल्या टॉकीजमधला भोंगा असं काहीबाही पिशवीतून आणत. भाजीची पिशवी आमचीच. तिच्या तळाशी शिशाचे मणी सापडत आणि वांगी तेलकट होत. घरात जळका वास आला की आमच्याकडे कुणी दुधाकडे धावत नसे. भावजी तारांना डाग देत असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भोंग्याला पेटी हवी होती. सुतारानं सांगितलेली किंमत ऐकून ते दोन दिवस जुनी मासिकं उलटत बसले. तिसऱ्या दिवशी रद्दीत वजनावर आणलेल्या एका इंग्रजी मासिकातलं चित्र घेऊन आले आणि म्हणाले, "लाकूड महाग, शिवाय ते थरथरतं. वीट गप्प बसते." पंधरा दिवसांत आमच्या अंबरपेठच्या घरात, पुढल्या खोलीच्या कोपऱ्यात, माणसाएवढं विटांचं कपाट उभं राहिलं. त्यात भोंगा बसला. पहिली तबकडी लागली तेव्हा कपाट गप्प होतं, पण माझ्या फडताळातली सगळी पितळी भांडी सुरात गाऊ लागली. भावजींनी ती सुतळीनं एकमेकांना बांधून टाकली. तेव्हापासून पाहुण्यांना चहा उशिरा मिळतो, कारण आधी गाठी सोडाव्या लागतात.

ऐकायची खुर्चीही ठरलेली होती. तिच्या चारी पायांभोवती खडूच्या खुणा होत्या आणि केर काढताना त्या पुसल्या तर मला बोलणी बसत. एकदा एक सद्गृहस्थ आपल्या मुलीसाठी भावजींना पाहायला आले. भावजींनी त्यांना खुणेवर बसवलं, हनुवटी धरून डोकं दोन बोटं डावीकडे केलं आणि तबकडी लावली. गृहस्थ बिचारे म्हणाले, "वा, गाणं सुरेख आहे."

"गाण्याकडे लक्ष देऊ नका," भावजी म्हणाले, "मागच्या तंबोऱ्याकडे द्या."

ते स्थळ पुन्हा काही कळवायला आलं नाही.

एवढं करून त्यांचा विश्वास मात्र एका माझ्या कानावर होता. मला गाण्यातलं काही कळत नाही आणि मी ते लपवत नाही. "म्हणूनच तुमचा कान शुद्ध आहे," ते म्हणत. तीन वर्षं रोज संध्याकाळी पुढल्या खोलीतून प्रश्न येई, "घुमतंय का, वहिनी?" आणि मी स्वयंपाकघरातून खरं ते सांगे, "घुमतंय. रांजणात तोंड घालून गातोय." मग ते उत्साहानं पुन्हा विटा उकलत.

यंदा राज्यं नव्यानं आखली गेली. एक नोव्हेंबरपासून आमचं जुनं राज्य तीन ठिकाणी वाटलं जाणार आणि मराठी जिल्हे मुंबईकडे जाणार. भावजींच्या खात्यानं विचारलं होतं की औरंगाबादेला हेडक्लार्क म्हणून जाता, की इथेच आहात त्या जागेवर राहता? सोमवारपर्यंत लेखी कळवायचं होतं. इथे राहिले तर त्यांच्यामागून लागलेली माणसं डोक्यावर बसणार, हे त्यांनाही कळत होतं. पण फॉर्म पुढे केला की ते म्हणत, "सेट पुरा झाला की सही करतो." आमचे हे सुलतान बाजारातल्या शाळेत मास्तर, त्यामुळे आम्ही कुठे हलणार नव्हतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी चौथीत होते.

त्या रविवारी संध्याकाळी, माझ्या रजईतला कापूस घुमणं दाबायला विटांच्या पोटात ठासून झाल्यावर, त्यांनी तबकडी लावली. मी कणीक मळत होते.

"घुमतंय का, वहिनी?"

घुमत नव्हतं. तबल्याच्या डग्ग्याचा ठोका वेगळा ऐकू येत होता. सूर लावायच्या आधी गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. यांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे पाहिलं. घुमतंय म्हटलं असतं तर उद्या दुसरी रजई उसवली गेली असती आणि फॉर्म होता तिथेच राहिला असता.

"नाही," मी म्हणाले.

"नीट ऐका."

"ऐकलं. नाही घुमत."

तबकडी संपली. ती नुसती खरखरत फिरत राहिली. ती तशीच सोडून भावजी स्वयंपाकघराच्या दारात आले.

"मग आता?"

"आता सही."

"विटा नेता यायच्या नाहीत."

"औरंगाबादेत विटांचा दुष्काळ नाही."

"आणि ऐकणार कोण?"

"कणीक वाळतेय. उजेडातून बाजूला व्हा," मी म्हणाले. ते बाजूला झाले. जेवायच्या आधी त्यांनी सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फॉर्मसकट कचेरीच्या बसमध्ये बसवून दिलं आणि औरंगाबादच्या मावसबहिणीला कार्ड लिहिलं. दीर येताहेत, एकटे आहेत, खाण्यापिण्याच्या खोडी नाहीत. तुमच्या घराजवळ एक खोली पाहून ठेव. लहान चालेल, पण भिंती जाड हव्यात आणि घरमालक कमी ऐकणारा मिळाला तर उत्तम. तुला गाण्यातलं काही कळत नाही, ते बरंच आहे. संध्याकाळी अधूनमधून जात जा, आणि ते विचारतील त्याचं खरं उत्तर देत जा.