टिन शटर्सचा वकील

कवळ्या बनवणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही, कवळी तेवढी येते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो वर्षानुवर्षं प्लॅस्टरचे साचे ओतत होता, मेणात दात रोवत होता, गुलाबी हिरड्या चाकावर घासून चकचकीत करत होता. पेशंट आरशात बघून हसला की कौतुक डॉक्टरांचं, चावताना दुखलं की उद्धार याचा. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

शनिवारी संध्याकाळी हाच माणूस सायकलवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत शिरला की मान वर व्हायची. तिथे टायर-ट्यूबच्या ढिगाऱ्यात एक रेकॉर्ड प्लेअर होता, दोन बोजड स्पीकर होते आणि पाच-सहा माणसं. जगाने ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही अशा रॉकच्या रेकॉर्डींवरून ही माणसं अशी भांडत, जणू बापाच्या इस्टेटीची वाटणी चाललीय.

"पंक रॉक म्हणजे गिटारच्या तीन कॉर्ड आणि राग," मास्तर म्हणायचे. शाळेत ते भूगोल शिकवत.

"तीन कशाला? दोन पुरतात," सायकलवाला.

"मग राग कशाचा?"

"तिसरी येत नाही त्याचा!"

पंकच्या आधी गॅरेजवाले होते, म्हणजे गाडी ठेवायच्या जागेत उसन्या गिटारी घेऊन कल्ला करणारी पोरं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण त्यांच्यातलं खरं मूळ कोण? इथे डोकी फुटायची वेळ येई. कवळीवाल्याचं मत दगडावरची रेघ होती: मूळ म्हणजे टिन शटर्स. या बँडने एकच रेकॉर्ड काढली, तीही मोजक्या प्रतींची, आणि बँड मोडला. त्या काळी बाकीचे गॅरेजवाले दुडक्या चालीने चालत होते आणि शटर्स तेवढे चौखूर उधळले होते. पंकचा वेग त्यांना पंकच्या कितीतरी आधी सापडला होता. पुरावा त्याच्या खिशात असे. थोरल्या भावाने तरुणपणी, रेडिओच्या दुकानात नोकरीला असताना, करून दिलेली कॅसेट. मूळ रेकॉर्ड या मंडळींपैकी कुणाकडेच नव्हती. ज्याच्याकडे शटर्स होते ते याच कॅसेटवरून उतरवलेले.

यावर त्याने एका छोट्या मासिकात लेखही लिहिला होता. तो वाचून परगावाहून दोघेजण पत्ता शोधत घरी आले.

"दात बसवायचेत का?" बायकोने दारातच विचारलं.

"नाही वहिनी, सरांना भेटायचंय."

सर! त्यानंतर कितीतरी दिवस मोरीतला नळ गळायला लागला की ती हाक मारायची, "अहो सर, जरा वॉशर बघता का?" तो चिडायचा नाही. मनातून त्याला ते आवडायचं.

एकच माणूस त्याला आडवा गेला होता. कंडक्टर. हा कवळीवाल्याचा शाळेपासूनचा मित्र, बसवर नोकरीला. एकदा परगावी कुणाकडे त्याने शटर्सची मूळ रेकॉर्ड ऐकली आणि येऊन सांगितलं, "अरे, ते धावत नाहीत रे. चालतात. तेही पाय ओढत."

"दिवसभर घंटी वाजवून कान गेलेत तुझे," कवळीवाला म्हणाला. "बहिरा झालास तू."

खोली खदखदून हसली. तेव्हापासून कंडक्टरने तोंड उघडलं की कुणीतरी कानामागे हात धरून "अं? काय म्हणालास?" करायचं. पुढे पुढे बसमधली पोरंही त्याला बहिरा म्हणू लागली. त्याने शनिवारी येणं सोडलं. कवळीवाला त्याला बोलवायला गेला नाही. आपलं खरं असताना आपण का जावं?

मग थोरल्या भावाचे दात गेले. दादाची कवळी दुसऱ्या कुणी करायचा प्रश्नच नव्हता. मेणात लावलेले दात घेऊन कवळीवाला त्याच्या घरी गेला, तोंडात बसवले आणि म्हणाला, "दादा, आता स आणि शचे शब्द बोल. शिट्टी वाजतेय का बघू."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या रेडिओच्या दुकानातलं सांग."

दादा खुशीत आला. "शेठ. कसला शेठ, शुद्ध कंजूष! गिऱ्हाइकाच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, आणि तिच्यावर उतरवायची रेकॉर्ड त्याहून मोठी. शेवटचं गाणं कापलं की गिऱ्हाईक शिव्या देणार, दुसरी कॅसेट मागितली की शेठ. मग मी शक्कल काढली. प्लेअरची थाळी फिरवणाऱ्या मोटरच्या शाफ्टला चिकटपट्टी गुंडाळायची. शाफ्ट जाड झाला की रेकॉर्ड सुसाट! बसली सगळी गाणी अर्ध्या तासात. वाजतेय का रे शिट्टी?"

"नाही," कवळीवाला म्हणाला. त्याचा हात दादाच्या हनुवटीवर तसाच राहिला होता.

"तुझी ती शटरवाल्यांची तशीच केली होती की."

"दादा, तू कधी बोलला नाहीस."

"त्यात काय बोलायचं? गाणी सगळी आली ना? तुला आवडली ना? मग झालं तर!" आणि नव्या दातांनी दादा मनमोकळं हसला.

कवळीवाला घरी आला आणि कॅसेट लावली. आता त्यात त्याला गाणाऱ्याचा आवाज चिमटीत धरल्यासारखा बारीक ऐकू आला. इतकी वर्षं त्याला तो तरुण, चिडलेला वाटत होता. जेवताना बायकोने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तो म्हणाला, दाढ दुखतेय.

शनिवारी सांगून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं, निदान तो मनाशी तसं म्हणत होता. पण तो खोलीत शिरला तर कंडक्टर आधीच येऊन बसलेला. केस पांढरे झाले होते, अंगात कामावरचाच शर्ट होता, आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली टिन शटर्सची रेकॉर्ड होती.

"कुठून पैदा केलीस?" मास्तरांनी विचारलं.

"शोधत होतो," कंडक्टर म्हणाला. "वाद घालायला नाही आलो. एकदा ऐका, एवढंच."

सायकलवाल्याने रेकॉर्ड लावली. गाणं सुरू झालं ते जड, रेंगाळत. गाणारा पोरगा नव्हता, दमलेला माणूस होता. कामावरून आलेला माणूस बूट काढता काढता स्वतःशी बोलतो, तसा तो गात होता. इतकं चांगलं हे गाणं कवळीवाल्याने कधी ऐकलंच नव्हतं.

गाणं संपलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. सर म्हणून शोधत आलेले ते दोघे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

"पट्टा सैल झालाय मशीनचा," तो म्हणाला.

"गेल्या महिन्यात नवा टाकलाय!" सायकलवाला उसळला.

"तू टाकलास ना? मग झालंच!" मास्तर म्हणाले. हशा पिकला.

कंडक्टर हसला नाही. "दुसरी एखादी लावून बघा. रोजच्या ऐकण्यातली."

मास्तरांची आवडती रेकॉर्ड लावली. ती बरोबर चालली. आता दोनच शब्द बोलायचे होते, चूक झाली. कवळीवाल्याने ओठ ओले केले.

"मग रेकॉर्डची छपाईच खोटी आहे," तो म्हणाला. "नक्कल आहे ही. शाफ्टच्या जाडीत केसाएवढा फरक पडला की गाणं धावतं नाहीतर रेंगाळतं. साधी चिकटपट्टी गुंडाळली तरी पुरते. छापणाऱ्याने तिथेच घोळ घातलाय."

"बघा!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात अभ्यास!"

"बहिऱ्याला कुणीतरी टोपी घातली," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

कंडक्टर कवळीवाल्याकडे बघत राहिला. मग त्याने रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली आणि निघाला. दाराशी कवळीवाला त्याच्या मागे गेला, का ते त्यालाही कळलं नाही.

"चिकटपट्टीचं तुला कुणी सांगितलं?" कंडक्टरने हळूच विचारलं.

"माहीत असतात अशा गोष्टी."

"दादाने ना?"

कवळीवाला दाराशी पडलेला टायर उगाच सरळ करू लागला.

"चुकलो म्हणाला असतास ना," कंडक्टर म्हणाला, "तर मीही काही बोललो नसतो. पुढच्या शनिवारी आलो असतो, बस." आणि तो गेला.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी नेहमीसारखी काडी टाकून पाहिली: "मूळ कोण?" "शटर्स!" सगळे म्हणाले. मग बोलायला काही उरलं नाही. सायकलवाला पंक्चर काढायला उठला. महिन्या-दोन महिन्यांत मास्तर येईनासे झाले, आणि खोलीत टायर रचले गेले.

कवळीवाला हल्ली दवाखान्यात चालत जातो. बस दारावरून जाते, पण तिच्यावर कोण असेल याचा नेम नसतो. गुडघे दुखतात तरी तो चालतो. घंटी ऐकू आली की एखाद्या दुकानाकडे तोंड करून उभा राहतो, आणि बस पुढे गेली की पुन्हा चालू लागतो.