शेवटचं रीळ

दादा गेल्याचं पोस्टकार्ड धारणीहून आलं तेव्हा मी गवार निवडत होते. गवार निवडून संपवली, मग रडले. तेही फार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, हे मला कळतं. पण तीन आठवडे झाले तरी माझा राग काही उतरलेला नाही.

आमचं घर अकोल्यात, जठारपेठेत. वडील भिक्षुकी करत. थोरला मुलगा पूजा सांगायची सोडून टुरिंग टॉकीजच्या नादी लागला, तेव्हा त्यांनी त्याला घर बंद केलं. याने स्वतःचा तंबू केला, एक खटारा जीप घेतली आणि धारणीपासून अमरावतीच्या राजापेठेपर्यंत फिरत राहिला. त्याचा हुकमी सिनेमा एकच. एका ट्रकमध्ये पाचसहा अनोळखी, एकटी माणसं; दोन तास घर घर करत रस्ता कापतात आणि शेवटच्या रिळात एकेकजण आपापल्या दाराशी उतरतो. लोक ढसाढसा रडायचे. आणि त्यांना रडवणारा हा शहाणा, बाप वारला तरी घरी आला नाही.

पुढच्या वर्षी त्याचा तंबू अकोल्यातच लागला. आई जन्मात सिनेमाला गेली नव्हती. म्हणाली, "चल, मला पाहू दे त्याला. तो तर येऊन नाही राहिला." संध्याकाळच्या खेळाला आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. शेवटचं रीळ लागलं, तशी तिने मला उठवलं, "जा, बोलाव." मशीनपाशी ऑपरेटर शामराव एकटाच. म्हणाला, "मास्तर ह्या रिळाले थांबतच नाहीत, ताई. जीपमंदी जाऊन बसतात."

दादा खरंच जीपमध्ये होता, पडद्याकडे पाठ करून.

"आई आली आहे," मी म्हटलं.

"पाहिलं मी." बराच वेळ स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिला... "बाबा असताना आलो नाही. आता कोणत्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच तोंडाने ये."

"सकाळी येतो. सांग तिला."

आईने पहाटे उठून पानगे केले, त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली. दुपार झाली तरी वाढलेलं पान तसंच. चार वाजता मी मैदानावर गेले, तर तंबूच्या खुंट्यांची भोकं तेवढी उरली होती. पानगे गाईला घातले. आई त्याच हिवाळ्यात गेली, शेवटपर्यंत विचारत होती, "येतो म्हणाला ना तो?" भित्रा होता माझा भाऊ. हे मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मागच्या आठवड्यात शामराव एक पत्र्याचा डबा घेऊन आला. "मास्तर म्हणे, हे बहिणीले दे. मले बोलवायले आली अन् तिचा शेवट पाहाचा राहिला." एवढं मात्र बरं लक्षात ठेवलं.

घरात ना मशीन, ना पडदा. डबा भंगारात देणार होते... दिला नाही. रोज दुपारी खिडकीच्या उजेडात वीतभर फिल्म धरून पाहते. इवल्या इवल्या चौकटी, प्रत्येकीत तोच ट्रक, तोच रस्ता. मुद्दाम हळू पाहते. अजून कोणीच घरी पोचलेलं नाही.