हलूनकाचं रिकामं गाव

चौकातल्या फोटोवाल्याला खरं नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीवर होतं, आणि पाटीकडे बघतंय कोण. सगळं गाव त्याला हलूनका म्हणायचं. जन्मभर कॅमेऱ्यामागून त्याने हेच एक वाक्य म्हटलं होतं. नवरीला म्हणाला, रांगत्या पोराला म्हणाला, पासपोर्टच्या फोटोला आलेल्या म्हाताऱ्यांना म्हणाला. एकदा सवयीने न्हाव्याच्या खुर्चीत बसून न्हाव्यालाच म्हणाला. न्हावी वस्तरा धरून थांबला आणि म्हणाला, मी नाही हललो तर दाढी काय आपोआप गळून पडणार?

हे दिवसाचं झालं. थंडी पडली की रात्रीचा हलूनका निराळा. जेवणं उरकली, दारं लागली, नदीवरचं धुकं गल्लीबोळात शिरायला लागलं की त्याचा पाय घरात ठरत नसे. कानाला मफलर, खांद्यावर तिपाई, गळ्यात रोलचा जुना कॅमेरा. एखाद्या कोपऱ्यावर तिपाई रोवायची, शटर उघडायचं आणि नुसतं उभं राहायचं. अंधारातला उजेड थेंबाथेंबाने गळतो, फिल्म भरायला वेळ लागतोच. तोवर धुकं दिव्यांना चाटत फिरायचं, छपरं जागची सुटून तरंगल्यासारखी वाटायची, आणि आपण जागे आहोत की कुणाच्या झोपेत उभे आहोत हे त्यालाही कळेनासं व्हायचं.

या फोटोंत माणूस मात्र कधी नसायचा. चालतं माणूस अशा फोटोत उमटतच नाही. समोरून वरात गेली तरी फिल्मला पत्ता नसतो. जो थांबला तोच उमटतो. एका फोटोत बेकरीच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं छान आलं होतं, पण त्याला शेपूट नव्हती. स्वप्नात हलवत असणार.

त्याची बायको बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, दुकानात गिऱ्हाईक असलं की हलूनकाही चुकून सिस्टरच म्हणायचा. तिची कायमची रात्रपाळी. ती घरी यायची तेव्हा हा दुकान उघडायला निघालेला असायचा. दोघांचा संसार बराचसा उंबऱ्यावरच झाला, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना.

थंडीच्या सुरुवातीला एकदा तिने त्याच्या फोटोंचा गठ्ठा मांडीवर घेतला. परक्याने बघितलं तर म्हणेल, गावात पटकी येऊन गेलेली दिसते, असं म्हणत एकेक बाजूला टाकत गेली. मग एकावर बोट ठेवून थांबली. दवाखान्यासमोरचा उतार होता, दिव्याचा खांब होता, ओला चकचकीत रस्ता होता.

"या रात्री मी तुमच्या समोरनं गेले होते. नाक पुसा, म्हणालेसुद्धा. कुठाय मी?"

चालणारं उमटत नाही, असं त्याने सांगितलं.

"म्हणजे जन्मभर चालले ते फुकट," ती म्हणाली, आणि पांघरूण ओढून झोपली.

रागाने म्हणाली असती तर त्याने झटकून टाकलं असतं. ती सहज म्हणाली, म्हणून ते त्याच्या काळजात काट्यासारखं राहिलं. त्यातून ती या थंडीतच रिटायर होणार होती. पुढे त्या उतारावर सिस्टर दिसणारच नव्हती, आणि सारं गाव रोलवर घेतलेल्या माणसाकडे बायकोचा तिथला एक फोटो नसणार होता. शेवटच्या ड्यूटीच्या रात्री घटकाभर दिव्याखाली उभी राहा, असं तो तिला सारखं विनवत राहिला. मी काय खांब आहे का, असं तिने विचारलं. मग एकदाची हो म्हणाली.

त्या रात्री धुकं इतकं दाट होतं की दिवे पाण्यात पडल्यासारखे दिसत होते. युनिफॉर्मवर शाल घेऊन ती खाली आली. त्याने तिला खांबाशी उभं केलं, शटर उघडलं. ती उभी राहिली. ही बाई उभी राहिलेली त्याने कधी बघितलीच नव्हती. घरात ती भाजी चिरतानाही येरझाऱ्या घालायची. आता तिच्या केसांवर दंवाचे थेंब जमत होते, आणि हळूहळू ती फिल्मवर येत होती.

तेवढ्यात वरची खिडकी उघडून आयाने हाक मारली, "सिस्टर, डोकं दिसायला लागलं."

ती गेली. वळूनही बघितलं नाही.

तिथेच शटर मिटायला हवं होतं. कालच दुकान टाकलेल्या फोटोवाल्यालाही ते कळतं. पण ती आत शिरल्याबरोबर शटर मिटायचं म्हणजे तिच्या पाठीवर दार लावल्यासारखं वाटलं त्याला. तो तसाच उभा राहिला, रिकाम्या खांबाकडे बघत. वरून कोवळं रडणं ऐकू आलं, तेव्हा त्याने शटर मिटलं.

फोटोत ती आली होती, पण धुरासारखी. ती गेल्यावर मागचं सगळं तिच्यावरच उमटत गेलं होतं. तिच्या अंगातून पलीकडची भिंत दिसत होती, दवाखान्याच्या पायऱ्या दिसत होत्या, पोटाच्या जागी उघडं दार होतं. अभद्रच दिसतंय म्हणून त्याने तो लपवला, पण लपवायची जागा कपाटामागची, आणि झाडूही तीच मारते.

"जिवंतपणीच भूत केलंत माझं," म्हणून ती ठसका लागेपर्यंत हसली. मग खिडकीपाशी नेऊन तिने तो बराच वेळ बघितला, आपल्या अंगातून दिसणाऱ्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं.

"आले बाई एकदाची," ती म्हणाली. "आणि तुम्ही कुठाय?"

कॅमेऱ्यामागे, तो म्हणाला.

"तिथे तर कायमच असता. इतक्या सगळ्यांत एकात तरी आहात?"



त्या रात्री ती घरीच होती, पण डोळा कसला लागतो. शरीराला रात्रीची नोकरी लागलेली. चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत बसली, उठून पाणी प्याली, मग डोक्याला स्कार्फ बांधला आणि त्याच्या पायाला हलवून म्हणाली, उठा.

उतारावर चिटपाखरू नव्हतं. त्याने तिपाई रोवली, तिला खांबाशी उभं केलं, शटर उघडून खटका अडकवला, आणि तसाच कॅमेरा सोडून पुढे चालत गेला. कॅमेऱ्यासमोरून चालताना त्याला उघड्यावर आंघोळ करताना लाजावं तसं झालं. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"आता?" ओठ न हलवता तिने विचारलं.

"आता उभं राहायचं. जितकं थांबू तितकं दाट उमटू."

"आणि बंद कोण करणार?"

"मलाच जावं लागेल."

"जाल," ती म्हणाली. "घाई काय आहे?"

धुकं उतारावरून खाली येत त्यांच्या पायांशी साचत होतं. तिने शालीचं एक टोक त्याच्या खांद्यावर टाकलं. तेवढी हालचाल फिल्मला कळली नसणार.